झिंकच्या गोळ्यांमुळे पाय बधिर होऊ शकतात का?

एका ताईंनी वडिलांबद्दल विचारलं आहे. अण्णा ६६ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, शाकाहारी. २०२१ मध्ये कोविड झाला तेव्हा चिठ्ठीवर झिंक ५० मिलीग्रामची गोळी होती. बरे झाल्यावरही त्यांनी ती सोडली नाही. गेली दोन वर्षं तर 'प्रतिकारशक्ती टिकावी' म्हणून ते सकाळ-संध्याकाळ घेतात. आठ महिन्यांपूर्वी तळपायांना मुंग्या सुरू झाल्या. बधिरपणा आता गुडघ्यापर्यंत आला आहे आणि काठीशिवाय चालवत नाही. हिमोग्लोबिन ८.६, पांढऱ्या पेशी २४००, त्यात न्यूट्रोफिल ३० टक्के, प्लेटलेट ठीक. बी-१२ कमी निघालं होतं, त्याची इंजेक्शनं झाली आणि आता ते भरपूर आहे. लोहाच्या गोळ्याही झाल्या, पण फरक नाही. कमरेच्या एमआरआयमध्ये 'मणक्यात गॅप' निघाली. रक्तविकारतज्ज्ञांनी बोन मॅरोची तपासणी सुचवली आहे आणि 'एमडीएस' (रक्ताचा एक गंभीर आजार) हा शब्द ऐकल्यापासून घरात कुणाला झोप नाही. ताईंचे प्रश्न असे: हे झिंकमुळे असू शकतं का? तांब्याच्या भांड्यातलं पाणी द्यायला लागू का? अण्णा पूर्वीसारखे चालतील का? जाता जाता त्यांनी हेही लिहिलं आहे की आईसुद्धा रोज एक गोळी घेते, तिला काही त्रास नाही.

ताई, पहिल्यांदा झिंकची गोळी बंद करा, आज रात्रीपासूनच. उरलेल्या स्ट्रिप फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला लागतील. त्याबरोबर घरात 'शक्तीची', 'केसांची', 'नसांची' म्हणून जी जी गोळी अण्णा घेतात ती प्रत्येक बाहेर काढा आणि मागचा बारीक छापा वाचा. बऱ्याच मल्टिव्हिटॅमिनमध्ये झिंक असतं, नसांसाठी म्हणून बी-१२ बरोबर मिळणाऱ्या काही गोळ्यांमध्येही असतं. म्हणजे पाय बधिर झाले म्हणून सुरू केलेल्या गोळीतूनच आणखी झिंक पोटात जात असण्याची शक्यता आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. हो, असू शकतं. तुम्ही दिलेले आकडे आणि लक्षणं एकत्र वाचल्यावर माझ्या मनात पहिला संशय तोच आला. मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे, तपासल्याशिवाय निदान करणं मला मान्य नाही आणि हे उत्तर म्हणजे निदान नाही. पण बी-१२ भरून काढल्यावरही पाय बिघडतच आहेत, लोह देऊन हिमोग्लोबिन वाढत नाही, पांढऱ्या पेशी कमी आहेत, प्लेटलेट मात्र शाबूत आहेत, आणि वर्षानुवर्षं झिंक चालू आहे. इतक्या गोष्टी एका माणसात जुळल्या की शरीरातलं तांबं तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. झिंक म्हणजे आपलं जस्त. जस्त जास्त झालं की तांबं कमी पडतं, आणि तांबं कमी पडलं की रक्त आणि मज्जारज्जू दोन्ही बिघडतात.

हे कसं घडतं ते सांगतो, कारण ते कळलं की पुढचा सल्ला आपोआप पटेल. आपण खातो त्यातलं तांबं जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं. तिथल्या अस्तराच्या पेशींपर्यंत जस्त फार पोचलं की त्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन तयार करतात. हेतू असा की जादा जस्त धरून ठेवावं, एकदम रक्तात जाऊ देऊ नये. अडचण अशी की या प्रथिनाची ओढ जस्तापेक्षा तांब्याकडे जास्त असते. जस्तासाठी मांडलेल्या पाटावर तांबं येऊन बसतं आणि मग उठत नाही. आतड्याच्या या पेशी काही दिवसांतच झडतात, नव्या येतात. झडलेल्या पेशींबरोबर आत अडकलेलं तांबं शौचावाटे निघून जातं. जेवणातलं तांबं तर जातंच, पण लाळेतून आणि पित्तातून आतड्यात उतरणारं शरीराचं स्वतःचं तांबंही त्यात सापडतं. रोज थोडं थोडं करत साठा रिकामा होतो. वर्ष-दोन वर्षं माणसाला काही जाणवत नाही, म्हणूनच 'इतकी वर्षं घेतोय, काही झालं नाही' हे वाक्य मी रुग्णांकडून नेहमी ऐकतो.

प्रौढ माणसाला दिवसाला तांबं लागतं ते जेमतेम १ ते २ मिलीग्राम. जस्ताची गरज आपल्याकडच्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला १७ मिलीग्राम आणि स्त्रीला १३.२ मिलीग्राम. जेवण आणि गोळ्या मिळून रोजची वरची मर्यादा ४० मिलीग्राम धरतात. ही मर्यादा कुणी अंदाजाने ठरवलेली नाही. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्त्रियांना रोज ५० मिलीग्राम जस्त दहा आठवडे दिलं गेलं. तेवढ्यातच त्यांच्या लाल पेशींमधल्या, तांब्यावर चालणाऱ्या एका विकराचं (एन्झाइमचं) काम मंदावलं. पुढे अमेरिकेत ही मर्यादा ठरवताना तोच अभ्यास आधाराला घेतला गेला. अण्णा दिवसाला १०० मिलीग्राम घेत होते, तेही दोन वर्षं, आणि त्याआधीची दोनेक वर्षं ५०.

लेबल वाचताना एका गोष्टीची काळजी घ्या. 'झिंक सल्फेट २२० मिलीग्राम' असं लिहिलेल्या गोळीत प्रत्यक्ष जस्त ५० मिलीग्राम असतं. 'झिंक ग्लुकोनेट ५० मिलीग्राम'मध्ये मात्र ७ मिलीग्रामच असतं. 'एलिमेंटल झिंक' या शब्दांपुढचा आकडा खरा. तुम्ही ५० लिहिलंय, तो कुठला आकडा हे स्ट्रिपवर पाहून घ्या. तो ग्लुकोनेटचा असेल तर माझा संशय बराच कमी होईल, आणि तसं असेल तर मला आनंदच आहे.

रक्तात काय होतं? तांब्यापासून यकृतात सेरुलोप्लाझ्मिन नावाचं प्रथिन तयार होतं. साठ्यातलं लोह बाहेर काढून ते रक्तनिर्मितीसाठी वापरता येईल अशा रूपात आणायला त्याची मदत लागते. तांबं नसलं की लोह असून अडकून राहतं. म्हणून अण्णांना लोहाच्या गोळ्यांचा उपयोग झाला नाही. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीही नीट पिकत नाहीत. बोन मॅरो काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर कच्च्या पेशींमध्ये पोकळ बुडबुडे दिसतात आणि लोहाचं कडं असलेल्या पेशी दिसतात. या कड्यांमुळेच ते चित्र एमडीएससारखं वाटतं, म्हणजे मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमसारखं. तो गंभीर आजार आहे, पुढे रक्ताच्या कर्करोगाकडे जाऊ शकतो. तांब्याची कमतरता असलेल्या रुग्णांना एमडीएस समजून अगदी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या वाटेपर्यंत नेल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. तुमच्या रक्तविकारतज्ज्ञांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. या आकड्यांवर बोन मॅरो सुचवणं योग्यच आहे. फक्त त्यांना झिंकबद्दल सांगा. तुम्ही सांगितलं नसेल तर त्यांना ते कळायला मार्ग नाही. तांब्याचा रिपोर्ट येईपर्यंत चार-आठ दिवस थांबता येईल का, एवढं त्यांनाच विचारा. तांबं व्यवस्थित निघालं तर मात्र बोन मॅरो टाळू नका.

आता पाय. मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला जे तंतूंचे जुडगे असतात ते पायाची खबर मेंदूला देतात: पाय कुठे ठेवलाय, जमीन कशी आहे, बोट वर आहे की खाली. तांबं नसलं की हे तंतू आजारी पडतात. बी-१२ च्या कमतरतेतही नेमके हेच तंतू बिघडतात, त्यामुळे दोन्ही आजार शेजारी उभे केले तर तपासून सुद्धा ओळखू येत नाहीत. रुग्ण सांगतो की पायाखाली गादी आहे असं वाटतं, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. सकाळी बेसिनपाशी तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जातो. देवापुढे हात जोडून डोळे मिटले की झोक जातो. डोळे उघडे असतात तोवर नजरेच्या आधाराने माणूस सावरतो, मिटले की आधार गेला. अण्णांना याबद्दल विचारून बघा.

आपल्या महाराष्ट्रात बी-१२ चा गोंधळ यात भर घालतो. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी निघालं होतं. म्हणजे आपल्याकडे कुणाच्याही पायाला मुंग्या आल्या आणि बी-१२ तपासलं तर ते कमी निघण्याची शक्यता मोठी, मग मुंग्यांचं खरं कारण काहीही असो. कमी आकडा सापडला की शोध तिथेच थांबतो.

माझ्याकडून हे झालेलं आहे, म्हणून लिहितोय. काही वर्षांपूर्वी साठीतले एक गृहस्थ असेच लटपटत आले. बी-१२ कमी होतं. मी सहा महिने इंजेक्शनं देत राहिलो. प्रत्येक भेटीत ते थोडे अधिक बिघडलेले असायचे आणि मी म्हणायचो, नसा सावरायला वेळ लागतो. 'कुठली औषधं घेता?' असं मी विचारलं होतं, त्यांनी रक्तदाबाची गोळी सांगितली होती. त्यांच्या लेखी झिंक हे औषध नव्हतंच. शेवटी त्यांच्या सुनेने घरातली गोळ्यांची आख्खी पिशवी टेबलावर ओतली, तेव्हा जखम भरावी म्हणून कधीतरी सुरू झालेली आणि कुणीच न थांबवलेली झिंकची गोळी सापडली. तांबं जेमतेम मोजता येईल इतकं कमी होतं. रक्त दोन महिन्यांत सुधारलं. पायांतलं जे त्या सहा महिन्यांत गेलं होतं ते पूर्ण परत आलं नाही. तेव्हापासून मी 'औषधं कुठली' असं विचारत नाही, पिशवी आणायला सांगतो.

हा आजार काही कोविडनंतर जन्मलेला नाही. जस्त हे माणसासाठी आवश्यक मूलद्रव्य आहे हे ज्यांनी दाखवून दिलं, ते डॉ. आनंद प्रसाद मूळचे बिहारमधल्या बक्सरचे. इराणमधल्या शिराझमध्ये काम करत असताना, खुंटलेल्या वाढीचे तरुण पाहून त्यांना जस्ताच्या कमतरतेचा शोध लागला. आणि त्याच प्रसादांनी १९७८ साली, अमेरिकेत, उलटी बाजूही नोंदवली. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाला रोज १५० मिलीग्राम जस्त सुमारे दोन वर्षं दिल्यावर त्याचं तांबं घसरलं आणि रक्त बिघडलं. ज्याने जस्ताचं महत्त्व जगाला पटवलं त्यानेच त्याचा धोकाही लिहून ठेवला, याचं मला फार मोल वाटतं. त्याच सुमाराला या दोषाचा उपयोगही करून घेतला गेला. विल्सन नावाच्या आनुवंशिक आजारात तांबं शरीरात साचत जातं आणि यकृत, मेंदू खराब होतो. अशा रुग्णांना तांबं शोषलं जाऊ नये म्हणून मुद्दाम जस्त देतात, बहुधा ५० मिलीग्राम दिवसातून तीनदा. बघा, अण्णा ज्या मात्रेत 'प्रतिकारशक्तीसाठी' घेत होते ती तांबं घालवण्याच्या औषधी मात्रेच्या दोन तृतीयांश आहे. (हे वाचणाऱ्यांत कुणाच्या घरी विल्सनचा रुग्ण असेल तर त्याचं झिंक माझं हे उत्तर वाचून बंद करू नका. त्याच्यासाठी तेच औषध आहे.)

मज्जारज्जूचं लक्षात यायला मात्र फार उशीर झाला. जनावरांत ते माहीत होतं. १९३७ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात बेनेट्स यांनी दाखवलं की तांबं कमी मिळालेल्या मेंढ्यांची कोकरं मागच्या पायांनी झोके खात चालतात. माणसातला तसाच आजार ठळकपणे मांडला गेला तो २००० नंतर, मुख्यतः अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या डॉ. नीरज कुमार यांच्या कामातून. २००८ मध्ये डॅलसच्या डॉक्टरांनी आणखी एक वाट शोधून काढली: कवळी घट्ट बसावी म्हणून लावायचं क्रीम. त्यात जस्त होतं आणि सैल कवळीची माणसं आठवड्याला दोन-दोन ट्यूब संपवत होती. ते जस्त रोज गिळलं जात होतं. २०१० मध्ये एका मोठ्या कंपनीने आपल्या क्रीममधून जस्त काढून टाकलं. अण्णांना कवळी असेल तर त्या ट्यूबवरचं लेबलही वाचा. १९८२ नंतरची अमेरिकी एक सेंटची नाणी आतून जस्ताचीच असतात, ती गिळून हा आजार झालेले मनोरुग्णही आहेत. आपल्याकडे वैद्याकडून यशदभस्म घेणारे असतात. यशद म्हणजे जस्तच. तेही यादीत लिहा, लपवू नका, त्यावरून तुम्हाला कुणी रागावणार नाही.

नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यातल्या पडद्याच्या झिजेसाठी दिलेल्या कॅप्सूलबद्दल मला नेहमी विचारतात. ज्या मोठ्या अमेरिकी अभ्यासावरून त्या आल्या, त्यात रोज ८० मिलीग्राम जस्त होतं, पण त्यासोबत २ मिलीग्राम तांबंही मुद्दाम घातलं होतं, ते नेमक्या याच भीतीने. तुमची कॅप्सूल घेताना तिच्यात तांबं आहे का बघा, आणि तिच्यावर आणखी वेगळं झिंक घेऊ नका.

तपासण्यांकडे येतो. रक्तातलं तांबं, सेरुलोप्लाझ्मिन आणि जस्त, या तीन एकाच वेळी करायच्या. पहिल्या दोन कमी आणि तिसरं जास्त किंवा वरच्या टोकाला, असं दिसलं तर गोष्ट उघड झाली. तांबं साधारण ७० ते १४० मायक्रोग्राम प्रति डेसिलीटर असतं. या आजारात ते बरंच खाली, कधी एक आकडी सापडतं. झिंक बंद केलंय म्हणून रिपोर्ट चुकेल अशी भीती बाळगू नका. तांबं इतक्या लवकर वर येत नाही. शक्य असेल तर उद्याच रक्त द्या. साध्या नळीच्या बुचातूनही जस्त नमुन्यात मिसळू शकतं, म्हणून अशा धातूंच्या चाचणीला वेगळी, गडद निळ्या टोपणाची नळी लागते. लॅबला आधी फोन करून विचारा. नमुना बहुधा मोठ्या लॅबकडे पाठवतात, त्यामुळे रिपोर्टला काही दिवस जातात.

सोबत २४ तासांच्या लघवीतलं तांबं मोजून घ्या. हे कंटाळवाणं काम आहे, घरातले टाळायला बघतात, पण इथे ते फार कामाचं आहे. तांबं आणि सेरुलोप्लाझ्मिन विल्सनच्या आजारातही रक्तात कमी दिसतात. फरक हा की विल्सनमध्ये लघवीतून तांबं जास्त जातं आणि अण्णांसारख्यांत कमी. या दोहोंत गफलत होऊन कुणी 'विल्सन' असं लिहिलं, तर उपचार म्हणून पुन्हा झिंकच सुरू होईल. आणि अंगात ताप किंवा मोठी सूज असेल तर सेरुलोप्लाझ्मिन वर ढकललं जातं, खरी कमतरता झाकली जाते. तेही डॉक्टरांना सांगा.

एमआरआयबद्दल. कमरेचा एमआरआय झालाय, पण मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. त्याखाली असतात त्या सुट्या नसा. अण्णांच्या वयात कमरेत 'गॅप' कुणाला नसते? डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय जोरात उसळत असेल तर दोष कमरेत नाही, वर आहे. तेव्हा बघायचा असेल तर मानेचा एमआरआय बघायला हवा. त्यात मज्जारज्जूच्या मागच्या भागात पांढरी खूण दिसू शकते, पण कित्येक रुग्णांत ती दिसत नाही, म्हणून एमआरआय स्वच्छ आला तर शंका सोडू नये. आणि तांब्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत कमरेच्या शस्त्रक्रियेला होकार देऊ नका.

तांब्याच्या भांड्याचं आता बोलू. हा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण त्यात घरची माया आहे. पण उत्तर नाही असं आहे. रात्रभर ठेवलेल्या पाण्यात किती तांबं उतरेल ते पाणी कसं आहे, भांडं कसं घासलंय, किती तास ठेवलंय यावर ठरतं. त्याला मात्रा म्हणता येत नाही. शिवाय आतड्यातले ते पाट, म्हणजे तांबं धरून ठेवणारं ते प्रथिन, अजून मांडलेलेच आहेत. झिंक बंद केलं तरी शरीरातला जस्ताचा साठा ओसरायला आठवडे, कधी महिने लागतात, तोवर थोडंफार तांबं आत अडकूनच वाया जातं. काही रुग्णांत गोळीतून दिलेलं तांबंही लागू पडत नाही, शिरेतून द्यावं लागतं. तिथे एक तांब्याभर पाणी काय करणार? ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या तांब्याच्या भांड्यातलं साधं पाणी पितात त्यांनी ते सोडावं असं मी म्हणत नाही, फक्त अण्णांचा उपचार म्हणून त्यावर विसंबू नका. ताम्रभस्म तर मुळीच नको.

आणि यात महाराष्ट्राची एक जुनी आठवण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी लहान मुलांच्या यकृताच्या एका जीवघेण्या आजाराचा माग काढला होता. 'इंडियन चाइल्डहुड सिरॉसिस' म्हणून तो ओळखला जायचा. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं दूध तान्ह्या बाळांना लवकर सुरू केलं जायचं. दुधातली प्रथिनं तांबं उचलून घेतात आणि ते बाळाच्या यकृतात साचतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९८३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. घरोघरी स्टीलची भांडी आली आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. तांबं कमी पडलं तर काय होतं हे आपण आत्ता बोलतोय, पण अंदाजाने घातलेलं तांबं काय करतं तेही आपल्याच मातीत पाहिलेलं आहे. म्हणून तांबं द्यायचं ते मोजून.

मोजून म्हणजे कसं? कमतरता सिद्ध झाली की साधारण पहिला आठवडा रोज ८ मिलीग्राम, दुसरा ६, तिसरा ४ आणि पुढे २ मिलीग्राम अशी तोंडाने देण्याची एक रीत आहे. चालणं झपाट्याने बिघडत असेल किंवा न्यूट्रोफिल फार खाली असतील तर सुरुवातीचे काही दिवस शिरेतून देतात. कुठल्या वाटेने आणि किती दिवस, हे तुमचे डॉक्टर रक्त पुन्हा पुन्हा तपासत ठरवतील. तांब्याच्या गोळ्या प्रत्येक दुकानात मिळतातच असं नाही, मागवाव्या लागतात, म्हणून चिठ्ठी हातात पडली की त्याच दिवशी शोध सुरू करा. 'झिंक अँड कॉपर' अशी जोडगोळी कुणी हातात दिली तर घेऊ नका. बी-१२ मात्र चालू राहू द्या, अण्णा शाकाहारी आहेत आणि ते खरोखर कमी होतं.

अण्णा पूर्वीसारखे चालतील का? ताई, इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. रक्त बहुतेक करून एक ते तीन महिन्यांत पूर्ववत होतं, ते पाहून फार समाधान वाटतं. मज्जारज्जूचं तसं नाही. तांबं मिळालं की बिघाड पुढे सरकायचा थांबतो, ही जवळजवळ खात्रीची गोष्ट. मुंग्या आणि बधिरपणा काही जणांत बऱ्यापैकी उतरतो. तोल आणि पायांतला ताठरपणा कमी सुधारतो, काहींत तसाच राहतो. किती परत येईल हे किती काळ वाया गेला यावर बरंचसं अवलंबून असतं, आणि म्हणून मी पहिल्याच ओळीत 'आज रात्रीपासून' असं लिहिलं. आठ महिने झाले आहेत, अण्णा अजून काठीने का होईना चालत आहेत. वाचवण्यासारखं खूप आहे.

तोवर पडू देऊ नका. मोडलेलं खुब्याचं हाड या सगळ्यावर पाणी फिरवेल. रात्री पलंगापासून संडासापर्यंत दिवा राहू द्या, वीज जाते त्या भागात असाल तर चार्जिंगचा दिवा उशाशी ठेवा. अंघोळीला प्लास्टिकची खुर्ची, भिंतीला धरायला दांडा. अंगठा अडकवायची सपाट चप्पल काढून टाका, मागून पट्टा असलेली द्या. पाय बधिर आहेत, तेव्हा अंघोळीचं पाणी त्यांनी हाताने तपासावं, आणि गरम पाण्याच्या पिशवीने शेकणं बंद. फिजिओथेरपिस्टकडून तोल सावरण्याचे व्यायाम आत्ताच सुरू करा, रिपोर्टची वाट बघायची गरज नाही.

एका आकड्याकडे तुमचं लक्ष वेधतो. २४०० चे ३० टक्के म्हणजे ७२० न्यूट्रोफिल. हे १००० च्या खाली आहे, म्हणजे जंतुसंसर्गाशी लढायची ताकद कमी आहे. अण्णांना १०१ फॅरनहाइटच्या आसपास ताप आला, थंडी वाजली, तर घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी रुग्णालयात न्या आणि 'न्यूट्रोफिल ७२० आहेत' हे पहिलं वाक्य सांगा.

बाकी झिंक हे विष नाही, हेही लिहायला हवं. जुलाब झालेल्या बाळाला १० ते १४ दिवस रोज २० मिलीग्राम, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला १०, हा जागतिक आरोग्य संघटनेचा २००४ मधला सल्ला अनेक जीव वाचवणारा ठरला. बाळाला डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स पूर्ण करा. त्याला शेवटची तारीख असते, एवढाच फरक. अण्णांच्या चिठ्ठीवर ती लिहिलेली नव्हती, किंवा लिहिली असेल तर कुणी वाचली नाही. २०२१ मध्येच अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध झाली होती, तीत कोविडच्या रुग्णांना रोज ५० मिलीग्राम झिंक देऊनही ते लवकर बरे झाल्याचं दिसलं नाही. ती बातमी आपल्या घरांपर्यंत पोचली नाही, गोळी मात्र पोचली.

आणि आई. त्यांना त्रास नाही असं तुम्ही लिहिलंय, पण अण्णांनाही नऊ महिन्यांपूर्वी नव्हता. रोजची एक गोळी ५० मिलीग्राम जस्ताची असेल तर तीही मर्यादेच्या वरच आहे. त्यांची गोळी बंद करा, आणि अण्णांचं रक्त द्यायला जाल तेव्हा त्यांनाही सोबत न्या. साधी रक्तगणना आणि तांबं, एवढं पुरे. घरी आल्यावर त्यांना डोळे मिटून, पाय जुळवून, भिंतीजवळ अर्धा मिनिट उभं राहायला सांगा, तुम्ही शेजारी उभ्या राहा. झोक गेला तर मला त्याच दिवशी कळवा.